एक किल्ली सोडून

ऑस्ट्रेलियात, आमच्या टार्निटच्या घरात काडतुसं कुलपात ठेवावी लागतात, तसा कायदाच आहे. किस्स्यांना असा कायदा नाही. ते सोफ्यावर, गाडीच्या डिकीत, पोळ्या लाटता लाटता ओट्यावर, कुठेही साठत जातात. त्यात मी मुळातच कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या माणसाकडे किस्से जास्त साठतात, कारण बाहेर जायची वाट अरुंद असते. म्हटलं, आज थोडे रिकामे करावेत.

मंडळी मोजकीच आहेत. माझा नवरा अनिकेत, पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. त्याचा मित्र मंदार, सिव्हिल इंजिनिअर, आणि मंदारची बायको श्वेता. आणि या सगळ्यांचे गुरू मिलिंदकाका, जे इथे शिकायला म्हणून आले आणि केस पांढरे झाले तरी परत गेले नाहीत. शनिवारी सकाळी अनिकेत, मंदार आणि काका वेरिबीच्या पलीकडच्या एका रायफल क्लबात जाऊन कागदाला भोकं पाडतात. प्राणी नाही, पक्षी नाही, फक्त कागद.

श्वेता म्हणते, "पंचिंग मशीन आणलं असतं तर घरबसल्या झालं असतं."

* * *

लग्नानंतर मी इथे आले त्याच दिवशी अनिकेतने मला घर दाखवलं. एकेक दार उघडून, अगदी एजंटसारखं. "ही पॅन्ट्री. हा तुझा वॉर्डरोब. ही लाँड्री." पॅसेजच्या मधोमध एक उंच स्टीलचं कपाट आलं, तसा तो पुढे निघाला.

"आणि हे?" मी विचारलं.

"हे सोडून."

नव्या नवरीला "हे सोडून" म्हटल्यावर तिच्या डोक्यात काय काय येऊ शकतं, याचा विचार इंजिनिअरिंगला शिकवत नसावेत. माझ्या चेहऱ्यावर ते आलं असावं.

"अ‍ॅमो आहे आत," तो घाईघाईने म्हणाला. "म्हणजे काडतुसं. रायफल वेगळ्या तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कपाटात, दोन्हींना कुलूप. आणि ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याच्या हाती किल्ली लागता कामा नये. कुठे ठेवलीय हेसुद्धा कळता कामा नये."

"मी बायको आहे."

"तेच ना. पोलिस चेकिंगला आले की आधी बायकोलाच विचारतात."

संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. प्रवासाची चौकशी झाली, जेवणाची झाली. मग आईंनी लेकाला विचारलं, "घराच्या किल्ल्या दिल्यास ना तिच्या हातात?"

"दिल्या सगळ्या," अनिकेत म्हणाला. "एक सोडून."

पुण्याहून आवाज येणं बंद झालं. अनिकेतला वाटलं, नेट गेलं. नेट गेलं नव्हतं.

आईंच्या लेखी किल्ली नसलेली सून म्हणजे लांबलेली पाहुणी. मी शिकलेली, कायदा मानणारी मुलगी, मला हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण रोज त्या कपाटावरून येता-जाता मलाही वाटायचं की आपण या घरात राहायला आलोय की उतरायला.

* * *

काडतुसं घाऊक घेण्याबद्दल मिलिंदकाकांचा एकच नियम आहे. "आधी पाकीट, मग खोकं."

त्याचं असं आहे की प्रत्येक रायफलला स्वतःची आवड असते. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन रायफली असल्या तरी एकीला जे काडतूस मानवतं ते दुसरीला मानवत नाही. काका म्हणतात, "सख्ख्या बहिणींना तरी एकमेकींचे ब्लाउज कुठे बसतात?" म्हणून आधी वेगवेगळ्या प्रकारांची एकेक छोटी पाकिटं आणायची, मारून बघायची, भोकं जवळजवळ कशाने पडतात ते पाहायचं, आणि मगच घाऊक माल उचलायचा.

मंदारने हा नियम ऐकला होता. पण त्याने "स्टॉक असेपर्यंत" हेही शब्द वाचले होते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या त्याने अख्खी पेटी बुक केली, आणि पुढच्या शनिवारी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून क्लबच्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर आला. चालीवरून वाटत होतं, बारशाला निघालाय.

पहिल्या दहा गोळ्या झाल्या. रेंजचा प्रमुख ग्लेन म्हणून एक उंच, शांत ऑस्ट्रेलियन आहे. त्याने दुर्बिणीतून मंदारचा कागद पाहिला. मग शेजारचा पाहिला. मग पुन्हा मंदारचा.

"मेट," तो म्हणाला, "तू यातल्या कुठल्या कागदावर नेम धरला होतास?"

मंदारच्या कागदावर रांगोळी सांडल्यासारखी भोकं होती. पेटी फोडलेली, म्हणजे परत करायची सोय नाही. त्या रात्री जेवायला आम्ही त्यांच्याकडेच होतो. श्वेताने भात वाढता वाढता विषय काढला.

"मला बघायला हा तीनदा आला होता. चौथ्यांदा आत्याला घेऊन आला. आणि ही पेटी एकदाही न बघता उचलली."

मंदार मान खाली घालून म्हणाला, "तेव्हा सेल नव्हता."

* * *

मित्राला लागलेली ठेच पाहून अनिकेत शहाणा झाला. त्याने सहा-सात प्रकारची पाकिटं आणली आणि त्याच्या रायफलचा रीतसर बघण्याचा कार्यक्रम ठेवला. मला बरोबर नेलं. मी नेमबाजांच्या रेषेच्या मागे बाकावर, कानांवर मोठे मफ्स लावून बसले. कमी बोलणाऱ्या माणसाला ही जागा फार मानवते. कोणी काही विचारत नाही आणि विचारलं तरी ऐकू येत नाही.

घरी येऊन अनिकेतने सगळे कागद डायनिंग टेबलावर मांडले. प्रत्येक कागदावर त्या-त्या पाकिटाचं झाकण. एक डबी काळी-सोनेरी, अत्तराची असावी तशी. एक पाकीट साधं, राखाडी, रेशनच्या साबणासारखं. आणि कागदांकडे पाहिलं तर राखाडी पाकिटाची भोकं एकमेकांना चिकटलेली, आणि काळ्या-सोनेरीची आपापल्या फ्लॅटमध्ये राहत असलेली.

अनिकेतला काळी-सोनेरी हवी होती. त्याने ती पुन्हा मारून पाहिली. वारा होता, म्हणाला. पुन्हा मारली. बसण्याची खुर्ची हलत होती, म्हणाला. तिसऱ्यांदा मिलिंदकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पसंती तिची झाली आहे," ते रायफलकडे बोट दाखवून म्हणाले. "आता तू फक्त आहेराचं बघ."

मग आम्ही राखाडी माल घ्यायला दुकानात गेलो. तिथे काकांचं दुसरं शास्त्र निघालं. नाव एकच असलं तरी प्रत्येक घाण्याचा गुण वेगळा, म्हणून सगळी खोकी एकाच घाण्यातली हवीत. खोक्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत नंबर असतो, तो जुळला पाहिजे. काडतुसांच्या कारखान्यात घाणा काढतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं, पण चकलीवरून अंदाज आला.

कोथिंबीर आणायला पाठवलं तर दर वेळी पार्सली घेऊन येणारा माझा नवरा त्या दुकानात गुडघ्यांवर बसून एकेका खोक्याचा नंबर वाचत होता. दुकानदार मला म्हणाला, "फार काटेकोर आहे हं तुमचा नवरा."

मी म्हटलं, "सिझनल आहे."

* * *

घेतलेला माल ठेवायचा कुठे, हा पुढचा अध्याय. इथला उन्हाळा म्हणजे गॅरेजचं दार उघडलं की तंदूर. मंदारने आपली नावडती पेटी कुलूप लावून गॅरेजमध्येच ठेवली होती. मिलिंदकाकांनी एका रविवारी सगळ्यांच्या घरांची पाहणी केली. त्यांची पद्धत सोपी. भिंतीला तळहात लावायचा आणि डोळे मिटायचे. मंदारच्या गॅरेजमध्ये त्यांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"हिला आत घे," ते म्हणाले. "दिवसा तापते, रात्री गार होते. रोजरोज असं झालं तर माणूससुद्धा बिघडेल."

आमच्याकडे आले तेव्हा ते थेट पॅसेजमध्ये, त्याच कपाटाजवळ थांबले. मागे दक्षिणेची भिंत. इथे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून दक्षिणेची भिंत थंड असते. हे पचायला मला महिना लागला. काकांनी हात लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "थंड, कोरडं, अंधारं. डबा हवाबंद, आत ओल शोषणारी पुडी. आणि ओला हात लावायचा नाही."

मी चहा घेऊन उभी होते. "काका, हे काडतुसांचं सांगताय की लोणच्याचं?"

काकांनी डोळे उघडले. मी आपणहून काही बोलल्याची ती पहिलीच वेळ असावी. "सूनबाई, दोन्हींचं शास्त्र एकच."

"मग यांची काडतुसं इथे, आणि आईने दिलेलं माझं लोणचं गॅरेजमध्ये का?"

पॅन्ट्रीवर पश्चिमेचं ऊन येतं, म्हणून बरणी गॅरेजमध्ये गेली होती, आणि तिथे आदल्या आठवड्यात फसफसून बाहेर आली होती. घरातल्या एकमेव थंड जागेला जे कुलूप होतं त्याची किल्ली माझ्याकडे नव्हती, एवढंच मला म्हणायचं होतं. ते मी म्हटलं नाही. काकांना कळलं.

अनिकेत सफाई द्यायला लागला. "लोणच्याला कुलूप लागत नाही ना, म्हणून."

"तू खातोस ते बघता," मी म्हटलं, "लावायला हवं."

* * *

काडतुसं ठेवायला हिरव्या पत्र्याचे डबे मिळतात. वर कडी, झाकणाला आतून रबर. हवा म्हणून आत जात नाही. श्वेताने असा एक नवा कोरा डबा दुकानात पाहिला आणि तिच्यातली गृहिणी जागी झाली. तिने स्वतःसाठी एक घेतला. गणपतीत त्यात चकल्या भरल्या. "काचेच्या बरणीत आठवड्यात मऊ पडतात," ती मला म्हणाली. "यात बघ, पुढच्या गणपतीपर्यंत कुरकुरीत राहतील."

एका शनिवारी रेंजवरून परस्पर एका मित्राच्या घरी आरतीला जायचं होतं. श्वेताने आदल्या दिवशीच तो डबा डिकीत ठेवून दिला. सकाळी मंदारने डिकी उघडली, हिरवा डबा दिसला. आपण काल रात्रीच भरलाय वाटतं, असं म्हणून निश्चिंत झाला. काडतुसं घरी कपाटात, कुलपात, अगदी कायद्याप्रमाणे.

रेंजवर त्याने रायफल मांडली, चष्मा लावला, मफ्स लावले आणि डब्याची कडी उघडली. भाजणीचा वास त्या रेषेवर पहिल्यांदाच दरवळला असेल.

ग्लेन चालत आला. त्याने वाकून डब्यात पाहिलं. एक चकली उचलली, भोकातून पलीकडे पाहिलं.

"हे कुठल्या कॅलिबरचं?"

त्या दिवशी मंदारने एकही गोळी मारली नाही. पण घरी येऊन त्याने सांगितलं की क्लबात इतकी लोकप्रियता त्याला पूर्वी कधीच मिळाली नव्हती. आरतीला रिकामा डबा घेऊन जावं लागलं, ते श्वेताने सांगितलं.

* * *

त्याच सुमाराला आई पुण्याहून आल्या. बॅगा उतरवल्या, हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि पॅसेजमध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"हेच का ते?"

अनिकेतने कायदा समजावून सांगितला. आईंनी शांतपणे ऐकून घेतला. "सरकारला संसारातलं काय कळतं," म्हणाल्या आणि कपाटावरून एकदा बोट फिरवून धूळ बघितली. धूळ नव्हती. बाहेरून मी रोज पुसत होते, तेवढाच माझा अधिकार.

मग पोलिसांचा फोन आला, नेहमीच्या चेकिंगसाठी येतोय म्हणून. आल्या त्या एक तरुण बाई. आईंना फार बरं वाटलं. "बाईमाणूस आहे, हिला कळेल," त्या मला स्वयंपाकघरात म्हणाल्या आणि पोह्यांवर जास्तीचं खोबरं घातलं.

बाईंनी तिजोरी पाहिली, कपाट पाहिलं, दोन्ही वस्तू भिंतीला बोल्ट केल्याची खात्री केली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "या कपाटाची किल्ली कुठे असते, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"पर्फेक्ट."

आईंनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हणाली?"

"उत्तम, म्हणाल्या."

"सुनेला किल्ली नाही, त्यात उत्तम काय आहे? विचार तिला, तिच्या घरच्या किल्ल्या कोणाकडे असतात."

मी विचारणार नव्हते. पण आई अशा बघत होत्या की विचारावं लागलं. पोलिस बाई हसल्या. "मी अजून आईकडेच राहते. सगळ्या किल्ल्या आईकडे."

मी मराठीत सांगितलं. आईंनी अनिकेतकडे पाहिलं. "बघ."

पोहे संपवून जाताना त्या बाई मला म्हणाल्या, "तुमचं स्वतःचं लायसन्स असेल तर मात्र प्रश्नच नाही. नो वरीज." हेही मी आईंना सांगितलं. त्यांनी दार लागेपर्यंत विचार केला.

"मग काढ की. गाडीचं दोनदा नापास होऊन काढलंस, हे एकदा करून बघ."

"आई," अनिकेत म्हणाला, "ते बंदुकीचं लायसन्स आहे."

"तुला मिळालं ना? मग अवघड नसणार."

* * *

मी अर्ज केला, कोर्सला नाव घातलं, आणि ते होईपर्यंत काकांच्या देखरेखीखाली शनिवारी रेंजवर जाऊ लागले. पहिल्या दिवशी ग्लेनने सगळं समजावलं. श्वास सोड, थांब, बोट हळू आवळ, घाई नको. मी श्वास सोडला, थांबले, बोट आवळलं. दुर्बिणीतून माझा कागद पाहिला तर कोरा करकरीत.

शेजारी मंदार होता. तो त्याच्या नावडत्या पेटीतल्या गोळ्या संपवत होता. त्याने आपल्या दुर्बिणीत पाहिलं आणि ओरडलाच, "काका, बुल्स-आय!"

काकांनी त्याच्या कागदावरच्या त्या मधल्या भोकाकडे पाहिलं, मग माझ्या कोऱ्या कागदाकडे, मग माझ्या रायफलचं तोंड कुठे आहे तिकडे. मग त्यांनी मंदारची पाठ थोपटली. मीही त्याचं अभिनंदन केलं.

तो कागद मंदारने फ्रेम करून हॉलमध्ये लावला आहे.

* * *

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आईंनी शस्त्रपूजा काढली. पुण्यात आमच्याकडे त्या दिवशी विळी, कात्री, अनिकेतच्या बाबांची स्कूटर आणि हल्ली लॅपटॉप पुजतात. "इथे खरं शस्त्र असताना मी विळीला कुंकू लावत बसणार नाही," आई म्हणाल्या.

अनिकेतने रिकामी रायफल पाटावर ठेवली, बाजूला राखाडी काडतुसांचं एक खोकं उघडून मांडलं, आणि स्वतः पहारेकऱ्यासारखा उभा राहिला. "आई, हात लावायचा नाही हं. लांबून कर."

"लग्नातसुद्धा लांबूनच टाकतात," असं म्हणून आईंनी मूठभर कुंकवाच्या अक्षता लांबून टाकल्या. रायफलवर थोड्या पडल्या. बाकीच्या कुठे गेल्या ते कोणी पाहिलं नाही.

शनिवारी अनिकेतने रेंजवर ते खोकं उघडलं. ग्लेन नेमका मागे उभा.

"मेट, तुझ्या अ‍ॅमोमध्ये गुलाबी तांदूळ का आहेत?"

अनिकेतला खंडेनवमी इंग्रजीत कशी सांगावी सुचेना. तो "ॲक्च्युअली, इट्स अ..." एवढ्यावर अडकला. मंदार मदतीला धावला.

"मॉइश्चर, मेट. ओल शोषून घेतात. आमच्याकडे मिठातसुद्धा घालतात."

ग्लेनने गंभीरपणे मान हलवली. तांदळाचा एक दाणा बोटावर घेऊन पाहिला आणि गेला. आम्हाला वाटलं, विषय संपला. तीन-चार शनिवारांनंतर मी बाकावर बसले होते, तर तो माझ्याजवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "एक विचारू? गुलाबीच लागतात का? मी बासमती घातलेत."

* * *

माझं लायसन्सचं कार्ड आलं तेव्हा आईंचा परतीचा दिवस जवळ आला होता. अनिकेतने दुसरी किल्ली कुठूनशी काढली. आईंनी ती त्याच्या हातून घेऊ दिली नाही, आधी देवापुढे ठेवायला लावली. कुंकू लावायला निघाल्या तेव्हा अनिकेत कळवळला, "आई, कुलपात जाईल ते." मग नुसता नमस्कार झाला आणि किल्ली माझ्या हातात आली. आईंना पाठमोरं उभं करून मी कपाट उघडलं.

आत खोकी होती. राखाडी, एकसारखी, नंबर बाहेर करून लावलेली. इतके महिने ज्याच्यावरून जाता-येता माझं मन मला खात होतं, त्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं. मी बराच वेळ बघत उभी राहिले.

ती किल्ली मी माझ्या मनाने एका जागी ठेवली. जागा अनिकेतलाही सांगितली नाही. त्याने विचारलीही नाही, त्याची त्याच्याकडे होती.

पुढचा शनिवार क्लबच्या मॅचचा. अनिकेत वर्षभर ज्या टीमसाठी धडपडत होता तिच्यात त्याचं नाव लागलं होतं. मी आणि आई जेवणाचे डबे घेऊन दुपारी जाणार होतो. सकाळी आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या, मी कणीक भिजवत होते. बाहेर मंदारने हॉर्न वाजवला. अनिकेत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला लागला. मग आधी पाहिलेल्या खोल्यांमधून पुन्हा. तिसऱ्या फेरीत तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "किल्ली सापडत नाहीये."

"मग?"

"तुझी कुठे असते?"

मी तोंड उघडलं.

"सांगू नकोस गं," आई मटारवरची नजर न काढता म्हणाल्या.

"आई, माझं कपाट आहे ते," अनिकेत म्हणाला.

"त्याने स्वतःची हरवली, तुझीही हरवेल. तू उघड, तू काढून दे, तू लाव."

बाहेर पुन्हा हॉर्न. मी हात धुतले, कोरडे केले. "अनिकेत, तू जरा बाहेर थांब," म्हटलं. आणि तो थांबला. स्वतःच्या घराच्या पोर्चमध्ये, पायात बूट, हातात रिकामा हिरवा डबा, काचेतून आत न बघण्याचा प्रयत्न करत. गाडीतून मंदारने काच खाली करून विचारलं, "काय रे, हाकललं का?"

मी कपाट उघडून त्याला हाक मारली. "किती देऊ?"

"चार खोकी दे."

"मॅचला चार लागतात?"

"दोन लागतात. दोन सरावाला."

"मग तीन ने. आणि उरलेली परत आण."

स्वयंपाकघरात मटाराची शेंग मोडल्याचा आवाज आला, जरा जास्तच खणखणीत. अनिकेत तीन खोकी घेऊन निमूट गाडीत बसला. मागच्या सीटवर मिलिंदकाका होते; झाला प्रकार ऐकून त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं की हरवलेल्या किल्लीचं कुलूप आजच बदलायचं, आणि नव्या किल्ल्या कोणाकडे राहतील ते सूनबाई ठरवतील. गाडी गेली. मी कपाट लावलं, किल्ली होती तिथे ठेवली आणि आईंच्या समोर येऊन मटार सोलायला बसले.

थोडा वेळ गेला. आई सहज बोलावं तसं बोलल्या, "किल्लीची जागा तशी मला एकटीला माहीत असलेली बरी. म्हणजे कधी तू आजारीबिजारी पडलीस, तर."

"आई," मी म्हटलं, "तुमच्याकडे लायसन्स नाही."

आईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेंगेकडे पाहिलं.

"माझ्या सासूबाई," त्या म्हणाल्या, "अगदी याच आवाजात बोलायच्या."

आणि उरलेल्या सगळ्या शेंगा त्यांनी माझ्याकडे सरकवल्या.